कवीला शाल, कीर्तनकाराला नारळ

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव निघाले की आपल्या मंडळींच्या मुद्रेवर एक प्रसन्न भाव उमटतो. 'फुलामुलांचे कवी', 'थोर ख्रिस्ती कवी' अशी दोन-चार विशेषणे उच्चारली जातात, उपासनेत गायिल्या जाणाऱ्या त्यांच्या एखाद्या गीताची आठवण निघते आणि विषय तेथेच संपतो. हा संपलेला विषय पुन्हा उघडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तो उघडताना काही कटू शब्द लिहावे लागतील. ते इतरांना लागण्याआधी लिहिणाऱ्यालाच लागले आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : टिळकांचा एक तृतीयांश भाग आपण जतन केला आणि दोन तृतीयांश टाकून दिला. ते कवी होते, हे आपण लक्षात ठेवले. ते कीर्तनकार होते, लोकांपुढे उभे राहून शब्द सांगणारे, गाणारे, त्यांना हसविणारे व रडविणारे होते, हे आपण विसरलो. आणि ते लेखनाचे शिक्षक होते, त्यांच्या घरात माणसे लिहिती झाली, ही गोष्ट तर आपल्यापैकी बहुतेकांना कधी कळलीच नाही. गीतपुस्तकात छापलेले टिळक आपल्याला सोयीचे वाटले, कारण छापलेला कवी काही मागत नाही. कीर्तनकाराला वेळ द्यावा लागतो आणि शिक्षकाला तर मुले द्यावी लागतात.

प्रथम त्यांच्या आयुष्याचा आलेख पाहू. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे त्यांचा जन्म झाला. मातेचे छत्र लहानपणीच हरपले. वडिलांचा स्वभाव कठोर, म्हणून मुलगा घराबाहेर पडला आणि नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे शिक्षकाची नोकरी, नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसेवा, 'ऋषी' नियतकालिकाचे संपादन, अशी भटकंती चालली. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, अमेरिकन मिशनात अध्यापन, १९०४ मध्ये दीक्षा, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन, १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीचा त्याग, साताऱ्यात 'देवाचा दरबार' आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत देहावसान. सत्तावन्न वर्षांचे हे आयुष्य. स्थैर्य त्यात कोठेच नाही, पण शब्दाशी बांधिलकी मात्र अखंड आहे.

आता त्यांचे कीर्तन घ्या. ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात टिळकांनी केली नाही. अहमदनगरच्या मिशनात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ती वाट आधीच पाडली होती. टिळकांनी त्या वाटेवर स्वतःची प्रतिभा ओतली. कीर्तन ही काय चीज आहे हे आपल्या तरुण पिढीला सांगावे लागेल, म्हणून सांगतो. आधी नमन होते. मग निरूपणासाठी एक अभंग घेतला जातो आणि पूर्वरंगात त्यातील विचाराची उकल केली जाते. मध्यंतरी नामगजर होतो. मग उत्तररंगात त्याच विचाराला धरून एक आख्यान रंगविले जाते आणि अखेरीस कीर्तनकार पुन्हा मूळ अभंगावर येतो. म्हणजे आधी सिद्धान्त, मग कथा, मग पुन्हा सिद्धान्त. पण दुसऱ्यांदा येतो तेव्हा तो श्रोत्याच्या अंतःकरणातून येतो. सेमिनरीत आम्हाला प्रवचनशास्त्र शिकविले गेले, त्यातही याहून चांगली रचना मला आढळली नाही. उधळ्या पुत्राची कथा अशा उत्तररंगात कशी रंगेल, याची नुसती कल्पना करून पाहा. बाप उंबरठ्यावर उभा आहे, टाळ थांबले आहेत, पेटीचा एकच सूर चालू आहे आणि मंडपातील प्रत्येक बापाला आपला रुसून गेलेला मुलगा आठवतो आहे.

टिळक म्हणत असत की तुकोबांच्या सेतूवरून ते ख्रिस्तचरणांपाशी आले. हे वाक्य आपण भाषणांतून वापरून गुळगुळीत केले आहे. सेतू म्हणजे पाय ठेवण्याची जागा. आपण मात्र त्या सेतूचे छायाचित्र काढून भिंतीवर लावले आहे.

तिसरी गोष्ट, शिकविण्याची. १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले. तेथे सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली, हे शाळेच्या पुस्तकातून आपण वाचले आहे. त्याच मुलाने पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी वास्तव्य केले, त्यांच्या सहवासात, त्यांच्या ताटाला ताट लावून तो कवितेत वाढला, हे आपण विसरतो. ठोमरे हिंदूच राहिले. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा करुण अंत झाला तेव्हा मराठी कवितेचा एक झराच आटला. टिळकांनी त्या मुलाला घरात घेतले ते त्याच्या प्रतिभेकडे पाहून.

दुसरी विद्यार्थिनी त्यांच्या घरातच होती. शाळेचे तोंड न पाहिलेली, अकरा-बारा वर्षांची मनू गोखले १८८० साली लक्ष्मी टिळक होऊन त्या घरात आली. नवऱ्याने तिला लिहा-वाचायला शिकविले, तेही मन मानेल तेव्हा, अर्धवट, रागावत, मध्येच सोडून देत. टिळक हे आदर्श गुरू होते असा दावा मी करणार नाही. ते संतापी होते, लहरी होते, पैशाच्या बाबतीत त्यांना शुद्ध नव्हती, आणि त्यांच्या धर्मांतराने पत्नीच्या आयुष्याचे काही वर्षे अक्षरशः दोन तुकडे झाले. हे आपल्याला कोणी सांगितले? लक्ष्मीबाईंनीच सांगितले. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांनी नवऱ्याचे सारे गुणदोष हसत हसत, कोणतीही कडवट चव मागे न ठेवता लिहून ठेवले. विद्यार्थ्याने गुरूविषयीदेखील खरे लिहावे, यापरते गुरूचे मोठे यश कोणते? टिळकांच्या हातून 'ख्रिस्तायना'चे सुरुवातीचे अध्यायच लिहून झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय त्या एकेकाळच्या निरक्षर मुलीने लिहिले आणि १९३८ मध्ये, तिच्या निधनानंतर दोन वर्षांनी, ते महाकाव्य ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

तेव्हा, 'लेखन काही शिकविता येत नाही, कवी जन्मावाच लागतो' असे जे आपले वडीलधारे ठामपणे सांगतात त्यांना मी नम्रपणे एवढेच विचारतो : लक्ष्मीबाई जन्माने लेखिका होत्या हे कबूल, पण त्यांच्या हाती अक्षर कोणी दिले? बीज देव देतो. नांगरणी मात्र तो आपल्यावर सोपवितो, आणि आपण ती टाळण्यासाठी बीजाचे गुणगान करीत बसतो.

आता आपल्या धर्मग्रामांकडे वळू या. सणाचा मंडप उभारला जातो. ध्वनिवर्धक, रोषणाई, बँड, नर्तकांचे पथक या साऱ्यांची बोली होते, आगाऊ रक्कम दिली जाते, पावती घेतली जाते. त्याच कार्यक्रमात एखादा कवी बोलाविला असेल तर त्याला शाल मिळते आणि कीर्तनकार असेल तर नारळ. मानधनाचा विषय काढणे त्याला लाजिरवाणे वाटते आणि आपण त्याच्या लाजेवर आपला ताळेबंद जुळवितो. मजूर आपल्या मजुरीला पात्र आहे हे प्रभूचे वचन आपण मंडपवाल्याला लागू करतो, कवीला नाही.

मी हे दुसऱ्यांना सांगतो आहे, पण माझी पाटी कोरी नाही. तरुण असताना एका धर्मग्रामात मी साहाय्यक धर्मगुरू होतो. उपवासकाळात गावच्या मंडळींनी एका वृद्ध ख्रिस्ती कीर्तनकारांना आमंत्रण दिले. ते दोन गाड्या बदलून, पेटी व टाळकरी बरोबर घेऊन आले. क्रुसाच्या वाटेची भक्ती लांबली, लोक चुळबुळ करू लागले, आणि मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितले, 'बाबा, पंधरा मिनिटांत आटपा.' पंधरा मिनिटांत उत्तररंग होत नाही, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हते. त्यांनी काही न बोलता पूर्वरंग सोडला, पेत्राच्या नाकारण्याचे आख्यान तेवढे घेतले आणि कोंबडा आरवतो त्या जागी थांबून हात जोडले. पेत्राचे अश्रू आलेच नाहीत. कोंबडा आरवला आणि कीर्तन संपले. ते पुन्हा त्या गावी आले नाहीत. ती वेळ मी त्यांची कापली की लोकांची, याचा विचार मी आजही करतो.

या विषयावर बोलताना मला जे आक्षेप ऐकावे लागतात त्यांचाही समाचार घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की टिळक प्रॉटेस्टंट होते, त्यांचे आपल्याला काय? बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही सामावून घेणाऱ्या 'देवाच्या दरबारा'ची त्यांची कल्पना कॅथलिक धर्मगुरू म्हणून मला स्वीकारता येत नाही, आणि तो मतभेद मी झाकून ठेवणार नाही. परंतु २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्यविषयक फर्मान जाहीर केले. आपल्यापासून विभक्त झालेल्या बंधूंमध्ये जे खरोखर ख्रिस्ताचे धन आहे ते आनंदाने ओळखावे, हा त्याचा आशय आहे. आणि गंमत अशी, की हाच आक्षेप घेणारे सद्गृहस्थ रविवारी टिळकांचे गीत डोळे मिटून गातात. गीत चालते, मग गीतकाराची पद्धत का चालत नाही?

दुसरा आक्षेप असा, की कीर्तन हा हिंदूंचा प्रकार आहे. मग बँड कोणाचा? तो काही नाझरेथहून आला नाही, गोऱ्या पलटणींबरोबर आला. तो आपण सुखाने स्वीकारला आणि ज्या मातीत आपले पूर्वज वाढले त्या मातीचा टाळ मात्र आपल्याला परका वाटतो! फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. नवख्रिस्ती लोकांनी, आमची जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी आता काय, असे विचारले तेव्हा त्यांनी लॅटिन पुस्तक पुढे केले नाही. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले, १६१६ मध्ये रायतूरला ते छापले गेले आणि मंदिरांतून ते मोठ्याने गायिले जाऊ लागले. याच स्टीफन्सनी कोंकणीचे व्याकरणही लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. म्हणजे कवी, गायनासाठी लिहिणारा आणि भाषेचा शिक्षक ही त्रयी आपल्या कॅथलिक परंपरेत टिळकांच्या तीनशे वर्षे आधी एका माणसात नांदत होती. ती मोडली ती १६८४ साली, पोर्तुगीज राजप्रतिनिधीने गोव्यात स्थानिक भाषेवर बंदी घालणारा हुकूम काढला तेव्हा. त्या हुकुमाची आपण आज निंदा करतो. पण तो हुकूम निदान दुसऱ्याने काढला होता. आज आपण स्वतःवर जो काढला आहे त्याचे काय?

हाच तिसरा आक्षेप. 'फादर, मुले इंग्रजी माध्यमात आहेत. मराठी लेखनाचा वर्ग घेऊन त्यांचे काय भले होणार?' हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तरही प्रेमाने दिले पाहिजे. मुलांनी इंग्रजी शिकावे, उत्तम शिकावे. पण मराठी मिस्सेत पहिला वाचनपाठ घेणारी मुलगी तो पाठ रोमन अक्षरांत लिहून आणते, हे मी पाहतो. 'क्रिस्तपुराण'ही रोमन लिपीतच छापले गेले होते, परंतु त्यावेळी देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. आज खिळ्यांची वाण नाही, हाताच्या फोनमध्येसुद्धा देवनागरी आहे. वाण आहे ती आपल्या इच्छेची. आजी सामवेदीत किंवा वाडवळीत रडते, आई मराठीत प्रार्थना करते आणि नात इंग्रजीत गप्प बसते. आजीच्या प्रेताशी उभे राहून दोन शब्द बोलण्याची वेळ येते तेव्हा त्या नातीजवळ ना आजीची भाषा असते ना आईची. अशी कितीतरी दफने मी केली आहेत. तेथे गुणपत्रिका कामाला येत नाही.

चौथा आक्षेप आम्हा धर्मगुरूंचाच आहे, आणि तो सर्वांत दुबळा आहे : साहित्य हे प्रेषितकार्य नव्हे, तो रिकाम्या वेळेचा छंद आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभच शब्दापासून होतो, श्रद्धा ही ऐकण्याने उत्पन्न होते असे संत पौल रोमकरांस सांगतो, आणि स्वतः प्रभूने ग्रंथ लिहिला नाही, दाखले सांगितले. होडीत बसून, डोंगरावर बसून, लोकांच्या शेताविषयी आणि जाळ्यांविषयी तो बोलला. ज्यांचा गुरू असा होता त्यांनी बोललेल्या शब्दाला छंद म्हणावे? २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी देवशब्दाविषयीच्या आपल्या प्रबोधनपत्रात वाचकांच्या प्रशिक्षणाचा स्वतंत्र विचार केला आणि त्यात शास्त्राच्या व उपासनेच्या जाणिवेबरोबर प्रत्यक्ष वाचनाचे तंत्रही शिकविण्याची गरज सांगितली. आपल्या किती धर्मग्रामांत हे घडते? बहुतेक ठिकाणी मिस्सेला पाच मिनिटे उरली असताना पहिल्या बाकावरील कोणाच्या तरी हाती पुस्तक दिले जाते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर जुलै २०२४ मध्ये साहित्याच्या महत्त्वाविषयी स्वतंत्र पत्रच लिहिले. आरंभी ते धर्मगुरूंच्या जडणघडणीसाठी योजिले होते, मग सर्व श्रद्धावंतांसाठी त्याचा विस्तार झाला. त्यात ते आपल्या तरुणपणीची आठवण सांगतात : १९६४-६५ मध्ये अर्जेंटिनातील सांता फे येथील येशूसंघीयांच्या शाळेत ते साहित्य शिकवीत होते. अभ्यासक्रमात जुने वीरकाव्य होते आणि मुलांना हवा होता लोर्का. त्यांनी तोडगा काढला : वीरकाव्य घरी वाचा, वर्गात आपण तुम्हाला आवडणाऱ्या कवींविषयी बोलू. पुढे पोप झालेला माणूस एकेकाळी मुलांना कविता शिकवीत होता आणि ते त्याला आयुष्याच्या अखेरीस सांगावेसे वाटले. आम्हाला मात्र दहा मुलांचा लेखनवर्ग घेणे कमीपणाचे वाटते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा वसईपासून सर्वत्र आपण अभिमानाने फलक लावले. तो अभिमान रास्तच होता. परंतु जुलै २०२४ मध्ये ते गेले, फलक तर त्याआधीच उतरले होते, आणि त्यांच्या जागी उद्या कोण लिहील, हा प्रश्न कोणत्याही पॅरिश कौन्सिलच्या विषयपत्रिकेवर आला असेल असे मला वाटत नाही. खुर्चीचा मान आपण घेतला. खुर्चीपर्यंत जाणारी पायवाट मात्र आपण झाडून ठेवली नाही.

टीका करून मोकळे होणे सोपे असते, म्हणून काय करता येईल तेही लिहितो. त्याला मोठा निधी लागत नाही. महिन्यातून एका शनिवारी वाचकांनी एकत्र यावे, पुढच्या रविवारचे पाठ मोठ्याने वाचावेत आणि जाणकाराने त्यांचे उच्चार, थांबे व अर्थ सुधारावेत. धर्मशिक्षणाच्या मोठ्या मुलांसाठी लेखनाचा एक वर्ग असावा. तेथे निबंध नकोत. पहिला पाठ एवढाच : आजीकडून एक गोष्ट ऐका आणि तिच्याच शब्दांत, देवनागरीत लिहून आणा. शुद्धलेखन नंतर पाहू, आधी आजीचा आवाज कागदावर उतरू द्या. आगमनकाळात एक आणि उपवासकाळात एक अशी वर्षातून दोन कीर्तने ठेवावीत, पूर्ण वेळेची, आणि ध्वनिवर्धकवाल्याला जितके पैसे दिले जातात तितके कीर्तनकाराला पाकिटात घालून द्यावेत, शालीशिवाय दिले तरी चालेल. कीर्तनकार मिळत नाहीत ही अडचण खरी आहे. ते मिळत नाहीत कारण आपण त्यांना पंधरा मिनिटे दिली.

टिळकांच्या घरात शिकणाऱ्यांची गर्दी कधीच झाली नाही. एक पोरगा होता, एक बायको होती, काही जाणारे-येणारे होते. गुरू तापट होता, घरात पैशाची चणचण होती. तरीही त्या घरातून मराठीला एक 'बालकवी' आणि एक 'स्मृतिचित्रे' मिळाली. आपल्या धर्मग्रामांना सभागृहे आहेत, पंखे आहेत, फळे आहेत, निवृत्त शिक्षक तर गल्लोगल्ली आहेत. आपल्याजवळ कमी काय आहे, ते आपले आपणच ठरवावे.

माझ्या धर्मग्रामात हा लेखनवर्ग येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर सुरू होत आहे. आतापर्यंत चार मुलांची नावे आली आहेत आणि एका आजीने, 'मलापण लिहायला शिकवाल का, फादर?' असे विचारले आहे. तिचे नाव मी यादीत पहिले घातले आहे.